साहेबांचा श्वास कोंडतो

नवा मिक्सर घरी आणला की खोक्यात सगळ्यात वर एक घडी घातलेलं पत्रक असतं. आपण ते बाजूला ठेवतो, मिक्सर बाहेर काढतो, खोकं माळ्यावर टाकतो आणि त्या पत्रकावर लसणाची सालं गोळा करतो. पण ते पत्रक कुणीतरी लिहिलेलं असतं. 'भांडे काठोकाठ भरू नये' या वाक्यात 'नये' ठेवावं की 'टाळावे' म्हणावं, यावर चहा गार होईपर्यंत विचार करून लिहिलेलं असतं. तो कुणीतरी म्हणजे आपला पत्रके.

त्याचं खरं आडनाव वेगळं. पण कंपनीत सगळे त्याला पत्रके म्हणत, पुढे बिल्डिंगमध्ये तेच चालू झालं, आणि एकदा बँकेच्या फोनवर त्याने स्वतःच "पत्रके बोलतोय" असं सांगितल्यामुळे त्याचं खातं काही काळ गोठलं होतं.

मग मिक्सरची कंपनी बंद पडली. का पडली ते सोडा, पण त्यात पत्रकाचा दोष नव्हता. हे त्याने शेवटच्या दिवशी मालकांनाही स्पष्ट सांगितलं.

मालक म्हणाले, "कुठलं पत्रक?"

नोकरी गेल्याचं वाईट वाटायचंच, पण त्याला खरी धास्ती होती ती एका प्रश्नाची. 'सध्या काय करता?' हा प्रश्न लोक जिन्यात विचारतात, सलूनमध्ये विचारतात, दात काढताना तोंडात दोन्ही हात घालून विचारतात. पत्रके सुरुवातीला 'बघतोय' म्हणायचा. मग लोक विचारू लागले, "काय बघताय?" मग तो 'बोलणी चालू आहेत' म्हणायला लागला. बोलणी चालूच होती, पण ती आईची. शेवटी त्याने ओळखीचे रस्ते टाळायला सुरुवात केली आणि कोथिंबीर आणायला गेला की घामाघूम होऊन परतू लागला.

बायको चष्म्याच्या दुकानात कामाला होती. लोकांना फळ्यावरची खालची ओळ वाचायला लावायची. घरात दोघांचंही पोट बारीक अक्षरांवर होतं, फक्त तिचं दुकान चालू होतं. ती त्याला टोचून काही बोलत नसे. सकाळी चहाबरोबर विकतचा कोरडा पाव खाऊन निघून जाई. हे न बोलणं पत्रकेला जास्त लागायचं. आई बोलायची, ते बरं होतं.

यातून मार्ग काढला मेहुण्याने. मेहुणा लोकांना नोकरी कशी मिळवावी हे शिकवायचा. स्वतः त्याने कधीच नोकरी केली नव्हती, त्यामुळे त्याचं मत निःपक्षपाती होतं.

"भाऊजी, मधली मोकळी जागा दिसता कामा नये," तो म्हणाला. "हाताशी एखादा प्रकल्प ठेवा. काहीही. लावा, जोडा, विणा, भाजा."

पत्रकेने भाजा घेतलं. बायकोच्या बशीतल्या त्या कोरड्या पावाकडे तो बरेच दिवस बघत होता.

आता चांगला पाव करायचा तर विकतचं यीस्ट वापरायचं नाही, असं त्याने कुठेतरी ऐकलं होतं. पीठ आणि पाणी कालवून बरणीत ठेवायचं, रोज त्यातलं थोडं काढायचं, थोडं नवं पीठ घालायचं, उबेला ठेवायचं. काही दिवसांत ते आपोआप आंबून जिवंत होतं. त्याला म्हणतात खमीर.

"म्हणजे विरजणच की," आई म्हणाली.

"विरजणाला दूध लागतं, आई. याला काहीच लागत नाही. नुसतं बसून बसून आंबतं."

"तुझ्यासारखं," आई म्हणाली.

आईने उभं आयुष्य सरकारी कचेरीत टाइपरायटरवर काढलं होतं. तिने चार दिवस बरणीचं निरीक्षण केलं. वेळच्या वेळी खायला पाहिजे, बसायला ऊब पाहिजे, काम शून्य, मधूनच एक बुडबुडा. तिला कुणीतरी आठवलं आणि बरणीचं नाव साहेब पडलं. "साहेबांना घातलं का खायला?" ती सकाळी उठल्या उठल्या विचारायची. मुलाने खाल्लं का, हे मागाहून.

पत्रकेने बरणीवर चिठ्ठी डकवली. हाडाचाच लेखक तो, राहवतंय कसलं. 'सूचना : सदर बरणीचे झाकण घट्ट लावू नये. किण्वनप्रक्रियेत निर्माण होणाऱ्या वायूस बाहेर पडण्यास वाव ठेवावा.' चिठ्ठी सुबक होती. 'वाव' या शब्दावर तर तो स्वतःच खूश होता.

भट्टी त्याने एका बंद पडलेल्या कॅन्टीनमधून उचलली. ती आकाराने लहान कपाटाएवढी होती आणि चालू केली की घरातले दिवे अदबीने मंद व्हायचे. पहिला पाव बाहेर आला तेव्हा समोरचे मापवाले काका हजर होते. काका वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले. घरात कुठलीही वस्तू आली की ती तोलल्याशिवाय त्यांना झोप लागत नसे, मग घर कुणाचंही असो. त्यांनी घरून काटा आणला, पाव तोलला, चष्मा काढला.

"वजनात खोट नाही," काका म्हणाले. "बाकी कशाचा दाखला मी देऊ शकत नाही."

तो पाव करवतीने कापण्यात आला आणि न कापलेला अर्धा गॅलरीच्या दाराला टेकवण्यात आला. दार वाऱ्याने आपटायचं ते थांबलं. दुसरा पाव त्या मानाने मऊ झाला, म्हणजे तो दार धरेना.

सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला तो यानंतर. काकांचं म्हणणं, पाणी कमी पडतंय. खालच्या मजल्यावरच्या विमावाल्या वहिनींचं म्हणणं, पाणी जास्त होतंय, आणि त्या भट्टीचा विमा उतरवलाय का. मेहुण्याचं म्हणणं, पावाकडे अपयश म्हणून बघू नका. "मग कसं बघू?" पत्रकेने विचारलं. मेहुणा पावाकडे बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "लांबून."

पण पत्रकेने सोडलं नाही. पीठ मळता मळता त्याच्या ध्यानात येऊ लागलं, की आपण मधल्या वेळात कशाचीच काळजी केलेली नाही. हात चिकट असले की फोन बघता येत नाही, आणि फोन बघितला नाही की तो वाजत नाहीये हेही कळत नाही. हळूहळू पाव फुगू लागला. एका सकाळी तर असा झाला, की वरचं कवच तडतड वाजत होतं आणि आतून तो कापसासारखा. त्याने पावाशेजारी चिठ्ठी ठेवली : 'पूर्णतः गार होण्यापूर्वी कापू नये.' बायकोने ती न वाचता गरम पाव कापला, उभ्याउभ्या खाल्ला, काही बोलली नाही. फक्त जाताना दोन फोडी डब्यात घालून दुकानात नेल्या.

पत्रके पावाखालचं फडकं झटकून लगेच दुसऱ्या पावाच्या तयारीला लागला.

आणि त्याच दिवशी, दुसरा पाव भट्टीत असताना, बिल्डिंगची लिफ्ट बंद पडली. लिफ्टमध्ये सेक्रेटरी होते.

सेक्रेटरी हा शांत माणूस. आत अडकले असताना त्यांनी आरडाओरडा केला नाही. खिशातून कागद काढून त्यांनी तिथेच नोटिशीचा मसुदा तयार केला. बाहेर काढल्यावर ते थेट पत्रकेच्या दारात आले.

"पाव भाजता?" त्यांनी विचारलं.

"हो. घरच्यापुरता."

"घरच्यापुरता की धंदा?"

"घरच्यापुरता."

"नोकरी कुठे?"

पत्रकेने दाराच्या कडीकडे पाहिलं. "सध्या बोलणी चालू आहेत."

"मग धंदा," सेक्रेटरी म्हणाले. "नियम साधा आहे. नोकरदार माणूस घरी पाव भाजतो, तो छंद. बेकार माणूस भाजतो, तो व्यवसाय. व्यवसायाला बिल्डिंगमध्ये परवानगी नाही. छंदाला आहे. तुम्ही कुठे नोकरीला आहात असा दाखला आणा, मी छंद मंजूर करतो."

"पण नोकरी असती तर मी पाव कशाला भाजला असता?"

"तो वैयक्तिक प्रश्न झाला," सेक्रेटरी म्हणाले, आणि जिन्याने गेले.

भट्टीवर चादर पडली. पण साहेबांना नोटीस लागू नव्हती. त्यांना रोज पीठ लागायचं, ते रोज दुप्पट व्हायचे, आणि दुप्पट झालेल्यातलं अर्धं काढून टाकायचं म्हटलं की आई आडवी यायची. अन्न टाकायचं नाही, हा तिचा नियम. आधी ते जादा पीठ पावात जायचं, आता पाव बंद. तेव्हा दुसरी बरणी आली. मग तिसरी. लोणच्याच्या, बिस्किटांच्या, सुताच्या रिळांच्या, घरातल्या सगळ्या प्लॅस्टिकच्या बरण्या कामाला लागल्या. टीव्हीमागे ऊब असते म्हणून तिथे दोन, पुस्तकांच्या फळीवर ओळीने काही, कपड्यांच्या कपाटात एक. "साहेबांच्या हाताखाली अख्खं खातं झालंय," आई म्हणाली. "आणि काम अजून कुणालाच नाही." पत्रकेने प्रत्येक बरणीवर तीच सूचना डकवली. वायूस वाव ठेवावा.

अशात मुलाखतीचा फोन आला. गीझर बनवणारी कंपनी, पत्रकं लिहिण्याचंच काम. मुलाखत घरूनच, संगणकावर. अर्ज मेहुण्याने भरला होता, त्यात काय लिहिलंय हे पत्रकेने घाईत बघितलं नाही.

मुलाखतीच्या सकाळी बायको दुकानात जायला निघाली, चपला घातल्या, परत आली, त्याची कॉलर सरळ केली.

"सध्या काय करता असं विचारतील," ती म्हणाली. "तेव्हा छताकडे बघू नकोस."

"बघणार नाही."

"आणि काय सांगशील?"

त्याने छताकडे पाहिलं.

ती गेल्यावर आईने घर आवरायला घेतलं. मुलाखत संगणकावर असली म्हणून काय झालं, परकी माणसं घरात डोकावणारच. तिने सोफ्याचं कव्हर बदललं, फळीवरची धूळ पुसली, आणि सगळ्या बरण्यांची झाकणं अर्धवट बघून तिचा जीव कासावीस झाला. आंबट वास येतोय, लोक काय म्हणतील. तिने एकेक बरणी काखेत धरून, दात आवळून, झाकणं गच्च लावली. कपाटातलीसुद्धा. चिठ्ठ्या तिने पुसल्या. वाचल्या नाहीत.

पडद्यावर दोघं होती. टाय लावलेले एक गृहस्थ आणि डोळ्यांखाली झोप साठलेल्या एक मॅडम. पत्रके फळीकडे पाठ करून बसला होता.

"अर्जात लिहिलंय," टायवाले म्हणाले, "की सध्या तुम्ही एका जैविक प्रकल्पाचं स्वतंत्र व्यवस्थापन करता. म्हणजे नेमकं काय?"

पत्रकेला तेव्हा कळलं की मेहुण्याने काय लिहिलंय. त्याने छताकडे पाहायचं नाही असं ठरवून नजर समोर खिळवली आणि तोंड उघडलं. त्याच क्षणी फळीवरच्या पहिल्या बरणीचं झाकण उडालं.

आवाज फटाक्यासारखा नव्हता. एखाद्या जाड माणसाने बसताना 'हुप' करावं तसा होता. झाकण छताला लागून परत आलं आणि पत्रकेच्या समोरच्या चहात पडलं. तो बोलत राहिला. पत्रकं लिहिणाऱ्या माणसाला एक शिस्त असते. "ही लवचिक स्वरूपाची—" तो म्हणाला, आणि दुसरी बरणी गेली. मग टीव्हीमागच्या दोन्ही एकदम. मग कपाटातून एक दबका हुंदका आला आणि कपाटाचं दार आपणहून उघडलं. छताला लागलेला खमिराचा एक गोळा थोडा विचार करून लांबला, लांबतच गेला, आणि सावकाश पत्रकेच्या डोक्यावर उतरला.

पडद्यावर टायवाल्यांनी आपला टाय सरळ केला.

"हाच प्रकल्प?" टायवाल्यांनी विचारलं.

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. "हो," पत्रके म्हणाला. "मी सध्या पाव करतो. म्हणजे करत होतो. आता नुसतं खमीर सांभाळतो. नोकरी लागल्याशिवाय पाव करता येत नाही."

टायवाल्यांनी काहीतरी लिहून ते खोडलं. मॅडम मात्र पुढे वाकून बघत होत्या.

"बरण्यांवर चिठ्ठ्या आहेत. काय लिहिलंय?"

"झाकण घट्ट लावू नये."

"कुणी लिहिलंय?"

"मीच."

"आणि लावली कुणी?"

"आईने."

"त्यांना वाचता येतं?"

"ती टायपिंग खात्याची प्रमुख होती."

मॅडम टायवाल्यांकडे वळून म्हणाल्या, "आपल्याकडे हेच होतंय बघा. पाणी न भरता गीझर लावतात आणि तक्रारी आपल्याकडे." मग त्या पत्रकेला म्हणाल्या, "आईंना बोलवता का जरा?"

आई पदराने हात पुसत आली. मुलाच्या डोक्यावरचा गोळा तिने सहज उचलला आणि वाटीत ठेवला. टाकायचं नाही.

"आई, चिठ्ठी का नाही वाचलीत?" मॅडमनी विचारलं.

"वर सूचना असं लिहिलं होतं ना," आई म्हणाली. "सूचना दुसऱ्यांसाठी असतात. आयुष्यभर टाइप केल्या मी. ही आपल्यासाठी आहे असं ज्याला वाटलं, असा एक माणूस नाही भेटला."

"मग कसं लिहायला हवं होतं?"

आईने रिकाम्या बरणीकडे पाहिलं. "झाकण लावलं की साहेबांचा श्वास कोंडतो, असं लिहायचं. मी कशाला कुणाचा श्वास कोंडीन?"

इतक्या वर्षांत पत्रकेने लोकांना दोष दिला होता. वाचत नाहीत, अडाणी आहेत, सालं गोळा करतात. वाचणारी बाई रोज त्याच्याच ताटात वाढत होती आणि तिच्यासाठी त्याने एक ओळ लिहिली नव्हती.

मॅडमनी त्यांच्या गीझरचं पत्रक त्याला पाठवलं. "हे नव्याने लिहा," त्या म्हणाल्या. "आईंच्या हातात द्या आणि काही बोलू नका. त्यांनी शेवटपर्यंत वाचलं तर मला फोन करा. नाही वाचलं तर करू नका."

पत्रकेने लिहिलं. आईने त्यावर शेंगा सोलल्या. त्याने परत लिहिलं. आईने त्याची घडी घालून काकांचं डगमगतं स्टूल नीट बसवलं. मापवाले काका म्हणाले, कागद जाड वापरा. मेहुणा म्हणाला, गीझरचं स्वप्न विका. बायकोने दुकानातून आल्यावर कागद हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला.

"हे तू कुणाला सांगतोयस?" तिने विचारलं.

"ग्राहकांना."

"ते कोण?"

मग त्याने सगळं फाडलं आणि ओट्यापाशी उभं राहून, आई समोर आहे असं धरून लिहिलं. 'आधी पाणी, मग बटण. उलटं केलंत तर आतली सळई कोरडीच तापेल आणि बिचारी जळून जाईल. मग दुरुस्तीवाला येईपर्यंत तुम्ही टॉवेल गुंडाळून बसाल, आणि तो काही वेळेवर येत नाही.' असंच पुढे, खालपर्यंत. कुठेही सदर नाही, कुठेही वाव नाही.

आई दूध तापवत होती. त्याने कागद ओट्यावर ठेवला आणि काही न बोलता बाहेर गेला. थोड्या वेळाने आतून चर्र असा आवाज आला आणि जळका वास सुटला.

तो धावत आत गेला. गॅसवर दूध उतू चाललं होतं. आईच्या हयातीत त्या घरात दूध उतू गेलं नव्हतं. ती कागद हातात धरून शेवटच्या ओळीवर होती.

"थांब," आई म्हणाली, "सळईचं काय झालं ते बघू दे."

त्याने फोन केला.

नेमणुकीचं पत्र आलं त्या दिवशी त्याने पहिल्यांदा ओळखीच्या रस्त्याने कोथिंबीर आणली. नेमकं कुणीच काही विचारलं नाही. पत्राची प्रत सेक्रेटरींना दिली. त्यांनी ती उजेडात धरून पाहिली आणि छंद मंजूर केला, मात्र लिफ्टचा विचार करता भट्टी फक्त कचेरीच्या वेळात लावावी, अशी अट घातली. म्हणजे पत्रके घरी नसतानाच. हे आईला इतकं पसंत पडलं, की तिने तिथल्या तिथे साहेबांचा ताबा घेतला. जुन्या चिठ्ठ्या काढून टाकल्या आणि बरण्यांना फडकी बांधली.

सोमवारी सकाळी पत्रके नवी विजार घालून, आदल्या दिवशी आईने सेक्रेटरींच्या अटीत बसवून, कचेरीच्या वेळात भाजलेला पाव फडक्यात बांधून निघाला. बायकोने डब्यात दोन फोडी आधीच काढून घेतल्या होत्या. "बरा झालाय," ती दारात म्हणाली. एवढंच. तो जिना उतरेपर्यंत ते मनात घोळवत होता.

गीझरच्या कारखान्याचं फाटक बंद होतं. शेजारी खुर्चीत वॉचमन बसला होता.

"आज सुट्टी," वॉचमन म्हणाला. "सोमवारी कारखाना बंद असतो."

"मला आज बोलावलंय."

"पत्रात काय लिहिलंय?"

पत्रकेने खिशातून पत्र काढलं. वाचलं. सोमवारी आस्थापना बंद असल्याने मंगळवारी हजर व्हावे, असं त्यात ठळक अक्षरात, खाली रेघ मारून लिहिलेलं होतं. वर शब्द होता, सूचना.

त्याने पत्र घडी करून खिशात ठेवलं. लिहिणाऱ्याचा त्याला राग आला नाही. उलट त्या अनोळखी माणसाची कीव आली, आणि मग लक्षात आलं, की तो माणूस उद्यापासून आपणच.

वॉचमनने त्याला बसायला स्टूल दिलं. सकाळची वेळ, रस्त्याला माणूस नाही, बोलायला दुसरा विषय नाही. वॉचमनने विचारायचं तेच विचारलं.

"मग, सध्या काय करता?"

पत्रकेने मांडीवरचं फडकं सोडलं. कवच तडतडलं. त्याने छताकडे पाहिलं नाही. तिथे छत नव्हतंच.

"उद्यापासून नोकरी," तो म्हणाला. "आज पाव."

आणि त्याने मोठा तुकडा मोडून वॉचमनच्या हातावर ठेवला.